थांबाताईंची परीक्षा

माझ्या थोरल्या बहिणीला गल्लीतल्या बायका थांबाताई म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावरच म्हणतात आणि तीही ओ देते. तिचं खरं नाव विचारलं तर निम्म्याजणींना आठवायचं नाही. हे नाव पडलं त्याला कारण आहे. तिच्या पार्लरमध्ये कुणीही कितीही घाईत येऊन बसलं आणि "तेवढे केस पटकन सरळ करून द्या हो" म्हणालं, की ताईच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "थांबा". मग ती मानेजवळची, सगळ्यात आतली एक बट उचलते, वाकते आणि डोळे मिटून ती बट स्वतःच्या वरच्या ओठाला लावते. नवी गिऱ्हाइकं दचकतात. एकीला वाटलं, बाई वास घेते आहे. तिने घरी जाऊन डोक्याचं तेल बदललं.

वास कसला, ती ओल बघत असते. बोटांनी का बघत नाही, तर लहानपणापासून गरम हवेत आणि गार पाण्यात राहून तिची बोटं बधिर झाली आहेत. त्यांना ओलं-कोरडं कळत नाही, ओठाला कळतं. केस वरून कोरडा दिसत असला तरी आत जराशी ओल असेल तर ओठाला गार लागतो. गार लागला की ताई पुन्हा ड्रायर उचलते आणि खुर्चीतली बाई घड्याळाकडे बघत सुस्कारे टाकते. ताईवर त्या सुस्काऱ्यांचा ढिम्म परिणाम होत नाही.

मी शाळेत शिकवते, बोलायला फटकळ आहे आणि कुणाचं कौतुक करताना माझा हात आखडतो. मुलींच्या वह्यांवर 'छान' लिहायचं तरी मी दोनदा विचार करते. तेव्हा हे सगळं मी बहिणीच्या मायेपोटी फुगवून सांगते आहे असं कुणी समजू नये. मला तिचा अभिमान आहे आणि तो मी चांगला पारखून घेतलेला आहे. कसा, तेच सांगते.

आमचे बाबा इस्त्रीवाले होते. रस्त्याला लागून एक खोली, तिच्यात उंच टेबल, टेबलावर चौपदरी घोंगडी, त्यावर पांढरी चादर आणि उजव्या हाताला पाण्याचं भांडं. शाळेतून आलो की आम्हा दोघी बहिणींचं काम ठरलेलं. मी कपड्यांवर पाणी शिंपडायचं, ताईने ते गुंडाळून ओल मुरू द्यायची आणि बाबांनी इस्त्री फिरवायची. ओल्या सुती कापडावर तापलेली इस्त्री टेकली की चर्र असा आवाज यायचा, वाफेचा लोट उठायचा आणि खालून कापड आरशासारखं सपाट होऊन बाहेर पडायचं. बाबा म्हणायचे, "कोरड्या कपड्यावर इस्त्री फिरवणारा माणूस गिऱ्हाइकाला फसवतो." वाफ निघाली की काम नीट झालं, हे आम्ही अक्षरं शिकायच्या आधी शिकलो. बाबांच्या टेबलापुरतं ते अगदी खरं होतं.

घरात दोघींनी शिकावं एवढी ऐपत नव्हती. सातवी झाली तशी ताईने स्वतःचं दप्तर माझ्याकडे सरकवलं आणि एका मालकीणबाईंच्या पार्लरमध्ये टॉवेल धुवायला लागली. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. दप्तर माझ्या दप्तरापेक्षा चांगलं होतं, म्हणून मला आनंदच झाला होता. आज हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते झालं.

टॉवेलवरून ताई केस धुण्यावर गेली, धुण्यावरून कापण्यावर. मी शिकत राहिले. बाविसाव्या वर्षी मला शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीचं पत्र आलं. आमच्या घरात कुणाला मुलाखतीला बोलावण्याची ती पहिलीच वेळ. आई दोन दिवस शेजारणींना ते पत्र दाखवत फिरत होती. ताई म्हणाली, तुझे केस मी करते. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते, दाट आणि भलतेच हेकट. विंचरले तरी फुगायचे, बांधले तरी सुटायचे. बाबा म्हणायचे, स्वभाव सगळा वर आलाय.

मुलाखत अकराला होती. सकाळी न्हाऊन मी ताईबरोबर पार्लरमध्ये गेले. ते अजून उघडायचं होतं, किल्ली ताईकडे होती. आत गेल्यावर कळलं की ड्रायर मालकीणबाईंच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर गावाला गेलेली आहे. बाहेर होता तो फक्त केस सरळ करायचा नवा चिमटा. नऊ वाजून गेले होते. केस पंच्याने पुसून झाले होते, तरी आतून ओलेच. ताईने चिमटा तापवला, मागची एक जाड बट पट्ट्यांमध्ये धरली आणि खाली ओढली.

चर्र आवाज झाला. वाफेचा लोट उठला.

आम्ही दोघी आरशातून एकमेकींकडे बघून हसलो. दुसऱ्या कुणा पोरी असत्या तर घाबरून थांबल्या असत्या. आम्ही इस्त्रीवाल्याच्या लेकी. आम्हाला तो आवाज घरचा होता, ती वाफ ओळखीची होती. ताई म्हणाली, बघ कसं बसतंय. आणि खरंच बसत होतं, चकचकत होतं. तिने मागचा सगळा भाग तसाच केला, चर्र चर्र करत. मग तिने कंगवा घातला. कंगव्याबरोबर वीतभर केस खाली आले. पुन्हा घातला, पुन्हा आले. मुळापासून नाही, मधूनच तुटलेले, टोकाला वाळल्या गवतासारखे.

पुढचं मी थोडक्यात सांगते. ताईने कात्री घेतली आणि रडत रडत दहा मिनिटांत माझे केस कानापर्यंत कापले. तिचे हात थरथरत नव्हते, डोळे मात्र वाहत होते. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मी त्या दिवशी पाहिलं. मी मुलाखतीला गेले, नोकरीही मिळाली. केसांचं कुणी नावही काढलं नाही. उलट एका बाईंनी, कुठे कापले, म्हणून विचारलं. सहा महिन्यांत केस खांद्यावर आले, तीन वर्षांत पाठीवर. माझ्या दृष्टीने विषय संपला.

ताईचा संपला नाही. त्या आठवड्यात ती दिसेल त्याला विचारत फिरली की असं झालं कसं. शेवटी कुणा जाणत्या बाईने सांगितलं की कापडाला भोकंच भोकं असतात, वाफ आरपार निघून जाते. केस म्हणजे बंद नळी. आतलं पाणी उकळतं, त्याला वाट मिळत नाही, मग ते केसाची भिंत फोडून बाहेर येतं. तेव्हापासून ती बट ओठाला लावू लागली. आणि तेव्हापासून तिने माझ्या केसांना चिमटा कधी लावला नाही. कापायची, धुवायची, तेल घालायची, पण सरळ करून दे म्हटलं की तिला काहीतरी काम आठवायचं. सव्वीस वर्षं.

त्या दिवशीचे तुटलेले केस तिने एका पाकिटात घालून ठेवले आहेत. भावनेने वगैरे नव्हे, वापरायला. स्वतःचं पार्लर काढल्यावर ते पाकीट आरशाखालच्या खणात गेलं. एखादी बाई फारच घाई करायला लागली, "अहो, ओले तर ओले, फिरवा तसाच" म्हणाली, की ताई खण उघडते आणि शांतपणे सांगते, "हे माझ्या बहिणीचे." बाई खुर्चीत मागे टेकून बसते. म्हणजे माझे केस दाखवून ती गेली बावीस वर्षं लोकांना घाबरवते आहे आणि त्याबद्दल मला आजवर एक कप चहासुद्धा मिळालेला नाही.

बावीस वर्षं दोन खुर्च्यांचं हे पार्लर सुरळीत चाललं. मग मागच्या वर्षी नियम आला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून भिंतीवर कारागिरीचं प्रमाणपत्र टांगलेलं नसेल तर दुकान उघडायचं नाही. प्रमाणपत्रासाठी लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष काम, दोन्ही पास व्हायचं. नापास झालं तर पुन्हा तीन महिन्यांनी, आणि तोवर दुकानाला कुलूप. ताई बावन्न वर्षांची. सातवीनंतर तिने कुठलाच पेपर लिहिलेला नव्हता. नियमाचा कागद हातात घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा मी पहिल्यांदाच पडलेला पाहिला. म्हणाली, दुकान गेलं तर मी सकाळी उठून करू काय.

लेखीची तयारी मी घेतली. अशी विद्यार्थिनी शत्रूलाही मिळू नये. प्रत्येक प्रश्नावर तिचं आधी भांडण, मग उत्तर. सरावाच्या पेपरात एक प्रश्न होता, ओल्या केसांवर तापलेली उपकरणं वापरल्यास काय होते. तिने उत्तर लिहिलं, 'माझ्या बहिणीला विचारा.' मी तिला पूर्ण वाक्यांत पाच ओळी लिहायला लावल्या आणि तिने तोंड वाकडं करत लिहिल्या. पण लेखी ती पास झाली, चांगल्या गुणांनी. त्या दिवशी मी वर्गात उगाचच सगळ्यांना 'छान' देऊन टाकलं.

प्रत्यक्ष कामासाठी जिच्या डोक्यावर काम करायचं ती बाई आपणच न्यायची होती. तासाभरात केस धुऊन, वाळवून, सरळ करून दाखवायचे. शहाणी माणसं पातळ, आखूड केसांची पोरगी नेतात. ताईनेही शेजारच्या घरातली एक तशीच मुलगी ठरवली होती. मीच आडवी गेले. म्हटलं, मी येणार. ती म्हणाली, तुझं डोकं वाळायलाच अर्धा दिवस लागतो. मी म्हटलं, सव्वीस वर्षं वाट बघतेय, तू मला टाळतेस हे मला कळत नाही का. तिने हातातला कंगवा पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाली, ये.

म्हणजे हट्ट माझा होता, हे आधीच कबूल करून टाकते.

परीक्षा प्रशिक्षण केंद्राच्या लांबलचक खोलीत होती. एका भिंतीला बारा आरसे, बारा खुर्च्या, मागे तीन बेसिनं. चिमटा आणि कंगवे ज्याचे त्याने आणायचे, ड्रायर केंद्राचे. चिठ्ठी काढून ताईला नववी खुर्ची मिळाली. दहाव्या खुर्चीवर विशीतली एक तरतरीत मुलगी होती, तिने आणलेल्या पोरीच्या डोक्यावर मुळात केसच बेताचे. परीक्षकबाई साखळीचा चष्मा लावून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या आणि एक देखरेख करणारा माणूस हातात घड्याळ घेऊन येरझारा घालत होता. घंटा झाली.

ताईने माझे केस धुतले, टॉवेलने दाबून दाबून पाणी काढलं. ती कधी केस चोळत नाही, दाबते. मग ड्रायर चालू केला. आवाज मोठा आला, वारा जोरात आला, पण गार. बटण इकडे केलं, तिकडे केलं, गारच. आतली तार जळालेली असणार. ताईने हात वर केला. देखरेखीचा माणूस आला, ड्रायरसमोर तळहात धरून म्हणाला, वारा येतोय की. दुसरा ड्रायर आहे का, विचारलं तर नव्हता. तक्रार असेल तर अर्ज लिहून द्या म्हणाला, पण वेळ काही थांबणार नाही. ताईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागली.

गार वाऱ्यावर माझे केस वाळवायचे म्हणजे काय, हे ज्याने माझं डोकं पाहिलंय त्यालाच कळेल. तिने केसांचे बारीक बारीक भाग केले, क्लिपा लावल्या आणि एकेक भाग सोडून कोरड्या टॉवेलात दाबत, वाऱ्यावर धरत चालली. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. तिने डावीकडची बट ओठाला लावली आणि मान हलवली. मी आरशातल्या घड्याळाचे उलटे काटे सुलटे करून वाचत होते. मुलींना परीक्षेत घाम फुटतो तेव्हा मी त्यांना, घाबरायचं काय त्यात, म्हणते. यापुढे म्हणणार नाही.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. चर्र.

सव्वीस वर्षांनी ऐकला तरी माझा हात आपोआप केसांकडे गेला. दहाव्या खुर्चीवरच्या मुलीने ओलसर केसांवर सरळ चिमटा फिरवायला घेतला होता. वाफ वर चढत होती. ताईचा हात जागच्या जागी थांबला. मग ती हळूच म्हणाली, "पोरी, ओले आहेत ते."

"माहितीये हो, आजी," ती मुलगी वर न बघता म्हणाली. "पण वेळ कुठंय?"

बोलायचं नाही म्हणून देखरेखीच्या माणसाने टेबलावर टकटक केली. ताईने पुन्हा टॉवेल उचलला. त्या मुलीचं काम झपाट्याने पुढे सरकत होतं आणि खोटं कशाला बोलू, केस दिसायला सुरेख होत होते. माझे केस फारच ओले होते म्हणून जागीच तुटले; नुसत्या ओलसर केसांवर फिरवलेला चिमटा त्या दिवशी खोट दाखवत नाही. ती पंधरा दिवसांनी उशीवर दिसते. पण परीक्षक काही पंधरा दिवसांनी यायचे नसतात.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा माझी डावी बाजू वाळत आली होती आणि उजवी चांगलीच ओली होती. माझ्या डोळ्यांसमोर दुकानाचं बंद शटर यायला लागलं. दुकान बंद झालं तर ते माझ्या हट्टापायी आणि माझ्या या जंगलापायी. मला राहवेना. ओठ न हलवता मी म्हटलं, "ताई, लाव आता चिमटा. माझेच केस आहेत, मी सांगतेय ना. तुटले तर तुटले."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"तुझे आहेत म्हणून लावत नाही, असं समजू नकोस," ती म्हणाली. "कुणाचेही असते तरी नसते लावले. मान सरळ ठेव."

खरं सांगते, क्षणभर मला राग आला. मी इतकी जीव ओतून बोलले आणि ही मला कुणाच्याही रांगेत बसवते. पण मग ते वाक्य माझ्या डोक्यात नीट उतरलं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझं वाईट झालं म्हणून ताई भिते, म्हणून ती बट ओठाला लावते. भीती कधीच संपली होती. आता तो तिच्या कामाचा धर्म होता आणि त्यात मी, दुकान, परीक्षा, कुणाचाच वशिला चालणार नव्हता. मी मान सरळ ठेवली. इतकी सरळ मी शाळेच्या प्रार्थनेलासुद्धा कधी उभी राहिले नसेन.

चव्वेचाळिसाव्या मिनिटाला डावीकडची बट ओठाला गार लागली नाही. ताईने चिमटा तापवला. आणि मग सव्वीस वर्षांनी तिने माझ्या केसांवर तो धरला. आवाज नाही, वाफ नाही. फक्त कानाजवळून सरकत गेलेली ऊब. बोटभर रुंदीची बट, वरून खाली एकदाच, न थांबता, मनगट जरा वळवून. बाबा शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवायचे तेव्हा त्यांचं मनगट असंच वळायचं. ते तिने उचललं आहे हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. डावीकडचे माझे हेकट केस एकेक करून शहाण्यासारखे खाली बसले.

तीन मिनिटं उरली तेव्हा तिने उजवीकडची बट ओठाला लावली. मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते. बट गार होती. ताईने चिमट्याचं बटण बंद केलं, भिंतीतली पिन काढली, वायर गुंडाळून ठेवली. उरलेल्या तीन मिनिटांत तिने उजवी बाजू मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरली, मधला भांग सरळ केला आणि माझ्या खांद्यावरचे पडलेले केस झटकले. घंटा झाली.

परीक्षकबाई नवव्या खुर्चीशी आल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. हे काय म्हणून विचारलं.

"डावी बाजू झाली," ताई म्हणाली. "उजवी ओली आहे."

परीक्षकबाई म्हणाल्या, बाकीच्यांनी पूर्ण केलंय. ताई म्हणाली, हो, पाहिलं मी. ड्रायरचं तिने चकार शब्दाने सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने माझा खांदा दाबला. परीक्षकबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, डावीकडची टोकं उजेडात धरून बराच वेळ बघितली, बोटांत फिरवून बघितली. मग म्हणाल्या, "काम फार चांगलं आहे. पण अर्धं आहे."

"खरं आहे," ताई म्हणाली.

निकाल चारला फळ्यावर लागला. दहावी खुर्ची पास. नववी खुर्ची नापास, आणि पुढे शेरा, वेळेत काम अपूर्ण. बाराजणींत नापास झालेली ती एकटीच. ती तरतरीत मुलगी ताईला बघून जरा अवघडली. ताईने तिला, चांगला हात आहे तुझा, म्हणून सांगितलं आणि वर, पुढच्या वेळी मात्र थांब, हेही सांगितलं. नापास झालेल्या बाईने पास झालेलीला शिकवणी द्यायची, हे आमच्याच घरात होऊ शकतं.

बसमध्ये दोघी शेजारी बसलो. समोरच्या सीटवरचं लहान पोर टकामका माझ्याकडे बघत होतं. एका बाजूला रेशमाची लड, दुसऱ्या बाजूला झुडूप. ताई खिडकीकडे बघत म्हणाली, "दुसऱ्यांदा तुझ्या डोक्याची वाट लावली मी."

"पहिल्यांदा लावली होतीस," मी म्हटलं. "आज नाही."

तिने माझा हात धरला. तो स्टॉप येईपर्यंत सोडला नाही. उतरल्यावर म्हणाली, आता वाळले असतील सगळे, चल, दहा मिनिटांत उजवी बाजू करून देते. मी नको म्हटलं. तिला वाटलं मी रुसले. मी म्हटलं, रुसायला काय झालंय, मला असेच हवे आहेत.

आम्ही थेट दुकानात गेलो. पहिल्या तारखेला दोनच दिवस होते, तेव्हा गिऱ्हाइकांना कळवायला शटरवर पाटी लावायची होती. अक्षर माझं बरं म्हणून खडू-फळा सोडून पहिल्यांदाच जाड पेन हातात घेतलं. मी सुचवलं, 'दुरुस्तीसाठी तीन महिने बंद' लिहू या. ताई म्हणाली, कसली दुरुस्ती, भिंती तर मागच्याच वर्षी रंगवल्या. मी म्हटलं, मग 'काही कारणाने' लिहू. तिला तेही पटेना. शेवटी तिने सांगितलं तसं मी लिहिलं: 'परीक्षेत नापास झाल्यामुळे दुकान तीन महिने बंद राहील. पुन्हा परीक्षा देऊन उघडू. तोवर थांबा.' खाली तिने स्वतःचं नाव घातलं. निम्म्या गल्लीला ते नाव बहुधा तेव्हाच पहिल्यांदा कळलं असेल.

खण आवरताना ते पाकीट हाताशी आलं. मी म्हटलं, फेक की आता. ती म्हणाली, कशाला, कामाची वस्तू आहे, आणि कंगव्यांबरोबर पिशवीत टाकलं. हे तीन महिने ती तिच्याच हाताखाली शिकून गेलेल्या एकीच्या पार्लरमध्ये काम करणार होती. तिथे प्रमाणपत्र त्या मुलीचं होतं, म्हणून ताईला फक्त केस धुवायला आणि टॉवेलांना मुभा. मला ते ऐकून वाईट वाटलं. ती म्हणाली, वाईट काय, टॉवेल मला येतात. मग शटर ओढता ओढता म्हणाली, "तीन महिन्यांनी परत येशील ना बसायला? की ती पातळ केसांची बघू?"

"मीच येणार," मी म्हटलं. "तोवर अजून वाढवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभी राहिले. डावीकडचे केस रात्रभर उशीवर लोळूनही जसेच्या तसे होते, उजवीकडचे नेहमीसारखे वर आले होते. बांधले असते तर कुणाला कळलं नसतं. मी रबर उचललं आणि परत ठेवून दिलं. केस मोकळे सोडून शाळेत गेले. शिपायाने दोनदा नमस्कार केला. मुख्याध्यापिकाबाईंनी, बरं आहे ना घरी, म्हणून चौकशी केली. मी म्हटलं, उत्तम आहे, बहिणीने केस केलेत.

वर्गात शिरले तर आधी कुजबुज, मग दबलेलं हसू. मी हजेरी घेतली, फळा पुसला. शेवटी पहिल्या बाकावरच्या एकीला राहवलं नाही. उभी राहून तिने विचारलं, "बाई, तुमचे अर्धेच केस का सरळ केलेत?"

"उरलेले ओले होते," मी म्हटलं, आणि उजवी बाजू वर्गाकडे ठेवून फळ्यावर तारीख लिहायला लागले.